तळ्यातला गाळ

लॉनच्या खताच्या कंपनीत सत्तावीस वर्षं विक्री केल्यामुळे सगळी वसाहत त्यांना ‘हिरवे काका’ म्हणायची. तळ्याकाठच्या प्रत्येक बंगल्यात त्यांनी पोती खपवली होती.

एका उन्हाळ्यात तळ्यावर शेवाळाची जाड साय धरली आणि मासे पोट वर करून तरंगू लागले. काकांची मुलगी पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत होती. जेवताना ती म्हणाली, “बाबा, लॉनवरच्या खतातला फॉस्फरस पावसाबरोबर गटारातून तळ्यात जातो. त्याच्यावर शेवाळ पोसतं.”

“म्हणजे तळं मी मारलं?”

ती ताट उचलून आत गेली. तेच काकांना लागलं.

खतातून फॉस्फरस काढा म्हणून ते कंपनीच्या मालकांच्या मागे लागले. मालकांनी आधी हसण्यावारी नेलं. मग काकांनी कारखान्याच्या आवारात दोन वाफे केले, एक नेहमीच्या खताचा, एक बिनफॉस्फरसचा. दोन्हीकडे गवत सारखंच हिरवं. मालक, पालिकेचे साहेब आणि मुलीची प्रयोगशाळा अशा तिघांच्या बैठका तीन वर्षं चालल्या. अखेर कंपनीने खतातून फॉस्फरस काढला. पाठोपाठ दुसऱ्या दोन कंपन्यांनीही काढला. निवृत्तीनंतर काका पोत्यावरची ‘जास्त टाकू नका’ ही सूचना दारोदार समजावत फिरले.

“काका, दुप्पट टाका असं तुम्हीच सांगायचात ना?” एका बाईंनी विचारलं. तिथून ते तसेच घरी आले.

पाच उन्हाळे गेले. शेवाळ होतं तिथेच.

“वरून येणारं निम्म्याने घटलंय, बाबा,” मुलगी म्हणाली. “पण गाळात तीस वर्षांचं साठलंय. ते खालून सुटत राहतं.”

“मग गाळ उपसायचा.”

“एवढा टाकणार कुठे? पालिकेने फाइल बंद केली.”

“किती वर्षं लागतील?”

“वीस. चाळीससुद्धा.”

काका एकाहत्तर वर्षांचे होते. काकूंनी स्वयंपाकघरातून विचारलं, “म्हणजे मला आता पूर्वीसारखं तळ्यात पोहता नाही येणार?”

आता काकू आठवड्यातून दोनदा पालिकेच्या पोहण्याच्या टाकीवर जातात. क्लोरीनने त्यांचे डोळे चुरचुरतात. काका टॉवेल घेऊन बाकावर बसतात. ओळखीचं कुणी “काय हिरवे काका!” म्हणालं, की नुसती मान हलवतात आणि टॉवेलची घडी पुन्हा घालतात.