यारमिलाचं नको-नको

यारमिला पहिल्यांदा लायब्ररीत आली ती बूट दारात काढून. कॅनडातल्या सस्काटूनच्या सार्वजनिक लायब्ररीत! मोज्यांवर तुरुतुरु चालत माझ्या टेबलाशी आली, खुर्ची ओढली आणि म्हणाली, "आय हेट गेट."

निवृत्त झाल्यापासून दर गुरुवारी मी तिथे नव्याने आलेल्या लोकांशी इंग्रजीत गप्पा मारायला बसते. शिकवत नाही. माझं आयुष्य युनिव्हर्सिटीत मातीचे नमुने तपासण्यात गेलं. व्याकरण विचाराल तर उठून जाईन. यारमिलाला ते चालणार होतं. ती चेक, एका कापडगिरणीतून निवृत्त झालेली. नवरा गेल्यावर मुलीने इकडे बोलावून घेतलं, आता मुलीच्या बेसमेंटमध्ये राहते. जावई इथलाच, आणि सहा वर्षांची नात एलिश्का चेकमध्ये विचारलं तरी उत्तर देणार इंग्रजीत. आपल्या घरांत नाही का, तसंच.

"आमच्याकडे बसमधून उतरणं वेगळं, आजारी पडणं वेगळं, पत्र मिळणं वेगळं," ती म्हणाली. तिचं इंग्रजी मोडकं होतं, मी इथे सरळ करून लिहिते आहे. "तुमच्याकडे सगळ्याला गेट! शब्द संपले होते का तुमचे?"

"माझे नव्हेत. मी सोलापूरची," मी म्हटलं.

हसणार होते, पण म्हटलं, आपण कुठल्या तोंडाने हसायचं? आपल्याकडे भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, वाटेत गाव लागतं आणि लक्ष नसलं की भात तळाला लागतो.

यारमिला काही लिहून घ्यायची नाही. प्रत्येक गेट करून बघायची. गेट अप म्हणत उठायची, गेट ऑन म्हणत खुर्चीवर चढायची, गेट लॉस्ट म्हणत थेट पुस्तकांच्या कपाटांमागे नाहीशी व्हायची. एकदा मीच वैतागून म्हटलं, "अगं, घाई कसली एवढी? या वयात कुणाची परीक्षा द्यायची आहे?"

घाई होती. एलिश्काच्या शाळेत मधल्या सुट्टीत, पोरं डबे खातात तेव्हा, त्यांच्यावर लक्ष ठेवायला बाई हवी होती. "घरी ती आयपॅडकडे बघते," यारमिला म्हणाली. "शाळेत तिचं दुपारचं जेवण माझ्यासमोर होईल. मला ही नोकरी हवीच आहे, नीरजा."

मुलाखतीला मीच गाडीतून नेलं. बाहेर कडाक्याची थंडी. मी हीटर लावून गाडीतच बसले. ती आली ती किल्ला सर केल्यासारखी.

"सगळे गेट बरोबर आले! मूल आजारी पडलं तर काय कराल, विचारलं. मी म्हटलं, इफ ही गेट्स सिक, आय गेट हिज मदर!"

"शाबास! मग?"

"मग प्रिन्सिपल म्हणाल्या, सोमवारपासून याल का? मी म्हटलं, ओ नो, नो, थँक यू."

"काय म्हणालीस?"

"पहिल्यांदाच हो म्हणायचं? हावरट दिसतं ते. आमच्याकडे दोनदा नाही म्हणतात, मग समोरचा आग्रह करतो."

"आणि त्यांनी केला आग्रह?"

तिचा चेहरा उतरला. "नाही. म्हणाल्या, ओके, नो प्रॉब्लेम."

मी ओरडणार होते, पण मला माझंच नको-नको आठवलं. आम्ही इथे नवे होतो तेव्हा ह्यांच्या प्रोफेसरांकडे जेवायला गेलो होतो. बटाट्यांचं भांडं पुढे आलं, मी रीतीप्रमाणे "नको, नको" म्हटलं. भांडं पुढे गेलं ते परत काही आलं नाही. रात्री घरी येऊन पोहे केले.

"बाई, इथे आग्रह नसतो," मी म्हटलं. "इथे नाही म्हणजे नाही. चल, परत आत."

"भीक मागितल्यासारखं होईल."

"मग बस आयपॅडच्या मागे!"

ती गाडीतून उतरली. मीही मागोमाग गेले, तोंड न उघडण्याची शपथ घेऊन. प्रिन्सिपलबाई पुढच्या उमेदवाराला फोन लावतच होत्या. यारमिला टेबलासमोर ताठ उभी राहिली.

"येस," ती म्हणाली.

"सॉरी?"

"मंडे. येस. माझ्या देशात पहिलं नो फक्त सभ्यपणाचं असतं. हे माझं खरं उत्तर."

बाईंनी फोन खाली ठेवला.

सोमवारी एलिश्काने शाळेत ओळखही दाखवली नाही. मैत्रिणींसमोर लाज वाटली असणार. दोन दिवसांनी शेजारच्या पोराच्या दह्याचं झाकण निघेना, तेव्हा मात्र ती तिथूनच ओरडली, "आस्क माय बाबी!" बाबी म्हणजे आजी. आता अख्खी शाळा तिला बाबी म्हणते. लायब्ररीत हे सांगताना यारमिलाने तीनदा नाक पुसलं आणि सर्दी झाल्याचं सांगितलं. आय गॉट कोल्ड, म्हणे. मी विश्वास ठेवला नाही.

मग तिने पिशवीतून डबा काढला. खसखशीचं सारण भरलेले गोल पाव, अजून कोमट.

"अगं नको, नको, आत्ताच जेवले," मी म्हटलं. तोंडातून निघूनच गेलं.

यारमिलाने शांतपणे झाकण लावलं. "ओके," म्हणाली. "नो प्रॉब्लेम."

"यारमिला!"

"इथे नाही म्हणजे नाही."

"दे इकडे तो डबा," मी म्हटलं, आणि एक नाही, दोन उचलले.