डॉक्टर एका केसनं पुढं

सरकारी दवाखान्यात सव्वीस वर्षं गोळ्या मोजल्या. किस्से इतके साचलेत की एक काढावा तर खालून दोन वर येतात. पण मित्र जमले की फर्माईश एकच, "कदम, त्या मशीनचं सांगा!"

विद्यापीठाच्या नामांतराच्या आंदोलनाचे दिवस होते. आज बंद, उद्या एसटी बंद. अशात ताडकळसकडच्या आमच्या आरोग्य केंद्रात पुण्याहून एक कॉम्प्युटर आला. रोग्याचा त्रास टाइप केला की तो आजार सांगणार, वर काय करायचं तेही सांगणार. त्याचा रोग्याला आणि डॉक्टरला कितपत उपयोग होतो, हे मोजायचं काम आमच्याकडं!

पद्धत अशी. आधी डॉक्टर देशमुखांनी आपलं निदान लिहून पाकिटात बंद करायचं. मग मी मशीनचे प्रश्न रोग्याला मराठीत विचारायचे. आठ दिवसांनी रोग्याला परत बोलवायचं आणि दोघांत कोण बरोबर ठरलं ते फॉर्मवर लिहायचं.

देशमुख साहेबांची रिटायरमेंट जवळ आलेली. "डब्याकडून हरून घरी जायचं नाही," एवढंच ते म्हणाले. पण रोज सकाळी खुर्चीत बसायच्या आधी मला विचारायचे, "किती झालं?"

*

बाजारच्या दिवशी गयाबाई आली. मी विचारत गेलो, ती सांगत गेली. खोकला? हाय. गुडघे? लय दुखायलेत. जुलाब? कालपासून. कानातून पू? येतो की.

मशीन म्हणालं, ताबडतोब मोठ्या दवाखान्यात पाठवा.

साहेबांनी फक्त विचारलं, "गयाबाई, घरी कोण कोण आजारी आहे?"

खोकला सासऱ्याचा, गुडघे सासूचे, जुलाब नातवाला, कान नवऱ्याचा. बाजाराला एक जण येणार, तर दुखणी सगळ्या घराची आणणार, ही आमच्याकडची रीतच. साहेबांनी चार पुड्या बांधून दिल्या.

गयाबाई मशीनकडं बघून म्हणाली, "ह्येला येका टायमाला येकच मानूस कळतंय व्हय?"

*

एकदा एका म्हाताऱ्याला प्रश्न विचारता विचारता लाईट गेली. तासभर बसून तो वैतागून शेताला निघून गेला.

दुपारी लाईट आली, तर दारात दुसराच माणूस!

"दादाचे सात सवाल झाल्यात म्हनं. राह्यलेले मला इचारा. सख्खा भाऊ हाव."

*

आठ दिवसांनी कुणी परत येईना, हे आमचं मोठं दुखणं. शेवटी मी सायकल काढून बांधाबांधावर जायला लागलो. एक शेतकरी कापूस वेचत होता.

"का आला नाहीत?"

"बरं झालं म्हनून आलो न्हाई! आजारी असतो तर आलो नसतो का?"

"बरं, मग डॉक्टर बरोबर होते का मशीन?"

त्यानं विचार केला. "दोगंबी बरोबर. सायेब, कामून भांडनं लावायलाव?"

*

शेवटचा आठवडा आला तेव्हा साहेब एका केसनं पुढं होते. सकाळी खुर्चीत बसले, तर चेहरा घामानं डबडबलेला, डावा हात उजव्या हातानं धरलेला.

"पित्त आहे. कालची भजी," ते म्हणाले.

खरं सांगतो, मला ते पित्त वाटेना. पण साहेबांना मोठ्या दवाखान्यात जा म्हणणारा मी कोण? एकच गोष्ट सुचली.

"साहेब, आज केस कमी आहेत. तुमचीच एक करू?"

केसला ते नाही म्हणत नसत. 'पित्त' लिहून त्यांनी पाकीट चिकटवलं. मी कीबोर्डसमोर बसलो.

"डावा हात दुखतो?"

"दुखतो, पण काल बॅग उचलली..."

"हो का नाही, साहेब?"

"हो."

"घाम?"

"दिसत नाही का तुम्हाला?"

मशीन म्हणालं, हृदयविकार, ताबडतोब पाठवा.

"चुकलं!" साहेब म्हणाले. "लिहून घ्या, मशीन चुकलं."

"ते आठ दिवसांनी लिहायचं, साहेब. नियम आहे. तोवर जीपमध्ये बसा."

ड्रायव्हरनं आणि मी त्यांना धरून बसवलं. परभणीला पोचेपर्यंत ते मला पित्ताची लक्षणं समजावून सांगत होते. तिथल्या डॉक्टरांनी कार्डिओग्राम काढला आणि मला बाहेर पाठवलं. बाहेरच्या बाकावर मी रडलो, ते कुणी पाहिलं नाही.

आठव्या दिवशी फॉर्म घेऊन त्यांच्या खाटेजवळ गेलो. साहेब खंगले होते, पण उशीला टेकून बसले होते. पेन माझ्या हातातून घेऊन त्यांनी स्वतःच लिहिलं, 'यंत्र बरोबर.' खाली सही ठोकली.

"आता शेवटचा प्रश्न, साहेब. रुग्ण समाधानी आहे का?"

"नाही."

मी 'नाही' लिहिलं.

"किती झालं?"

"बरोबरी, साहेब."

शेजारच्या खाटेवर एक जण पोट धरून कण्हत होता. साहेब सावकाश कुशीवर वळले आणि त्याला नीट न्याहाळून म्हणाले, "कदम, कोरा फॉर्म आणलाय का?"