आबांचं पहिलं उड्डाण

माझ्या वडिलांनी पहिल्यांदा विमान चालवलं, त्या दिवशी त्यांना जाऊन बरोबर एक वर्ष झालं होतं.

हे वाक्य मी म्हटलं की समोरचा माणूस आधी माझ्याकडे बघतो आणि मग हळूच जवळ येऊन माझ्या तोंडाचा वास घेतो. (मी पीत नाही. त्या दिवशी वास एरंडेलाचा होता, ते पुढे येईलच.)

नव्वद सालाच्या आसपासची गोष्ट. तीर्थपुरीत माझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. लोक बंद पडलेला रेडिओ फडक्यात गुंडाळून आणायचे आणि मी फडकं सोडायच्या आधीच, मान वर न करता विचारायचो, "एरियल वर केल्तं का?" निम्मी गिऱ्हाइकं ओशाळून तशीच घरी जायची. या प्रश्नाचा मला एवढा गर्व, की दुपारी मी जेवायला गेलो आणि माय दुकानात बसली, तर तीही चष्मा खाली घेऊन हेच विचारायची. तिला रेडिओतलं दुसरं काही कळत नव्हतं. पण तेवढ्यावरही दुकान बरं चालायचं.

आबा, म्हणजे माझे वडील, हवाई दलात फिटर होते. त्यांचं आयुष्य गेलं पिवळ्या शिकाऊ विमानांचे पंख जोडण्यात. त्या विमानात दोन जागा, एकामागे एक. पुढे शिकणारा बसणार, मागे शिकवणारा. कितीतरी पोरं आबांनी जोडलेल्या पंखांवर उडायला शिकली आणि आबा मात्र एकदाही वर गेले नाहीत! एकदा एका साहेबानं त्यांना फिरवून आणायचं कबूल केलं, तर नेमकं त्याच दिवशी आबांना गालगुंड झालं. उडायची कातडी टोपी कानाच्या खाली उतरेना. साहेब म्हणाला, पुढच्या आठवड्यात बघू, आणि पुढच्या आठवड्यात साहेबाची बदली झाली.

रिटायर होऊन गावी आल्यावर त्यांनी ठरवलं, की तेच पिवळं विमान लहान करून बनवायचं, अगदी मोजून मापून, आणि रेडिओच्या रिमोटवर उडवायचं. बंगलोरच्या एका जुन्या दोस्ताकडून त्यांनी हलकं लाकूड, मुठीएवढं इंजिन आणि लांब एरियलचा रिमोट मागवला. त्या इंजिनाला स्पिरिटमध्ये एरंडेल मिसळून घालावं लागे. आबा दर रविवारी पोटासाठी एरंडेल घेतच होते, त्यामुळे एकाच बाटलीत दोघांचं भागायचं.

"दिन्या, पंख मी करतो, धड तू कर," आबा म्हणाले. चार महिन्यांत त्यांनी बाजेएवढे लांब पंख बनवले. दोन्ही टोकांना थोडे वर उचललेले. मी म्हटलं, "आबा, हे वाकडे झाले का?"

"वाकडे न्हाईत. शिकनाऱ्याचं विमान हाय, शिकनारा चुकनारच. आपन हात सोडला का हे आपोआप सरळ व्हतं. चालवनाऱ्यापेक्षा शहानं असतं हे."

आणि पौषात आबा गेले. झोपेत, काही न बोलता. शेवटच्या आठवड्यात त्यांनी मला दोनदा विचारलं होतं, "धड झालं का रे?" आणि दोन्ही वेळा मी म्हटलं होतं, "होतच आलंय." मी एक काडीही कापली नव्हती. त्याची लाज मला अजून वाटते, विनोदी लिहिताना सुद्धा.

दहाव्याला आम्ही गोदावरीच्या काठावर बसलो. पिंड ठेवला. समोर बाभळीवर एकच कावळा. तो पिंडाकडे बघे, आमच्याकडे बघे, पण खाली काही येईना. अशा वेळी गेलेल्याची इच्छा राहिलीय असं समजतात आणि घरचे एकेक करून शब्द द्यायला लागतात. आबांचे धाकटे भाऊ नाना पुढे झाले आणि हात जोडून ओरडले, "दादा, या वर्सापासून मी बांध कोरनार न्हाई!" (आमचा बांध सरकतोय ही शंका आम्हाला होतीच. त्याचा कबुलीजबाब असा मिळेल असं वाटलं नव्हतं.) कावळ्यानं मान फिरवली. माझी बायको सुमन म्हणाली, "मामंजी, मी सासूबाईंना उलटून बोलणार नाही." कावळ्यानं तिच्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की ती स्वतःच खाली बघायला लागली. ऊन डोक्यावर आलं. गुरुजी घड्याळाकडे बघायला लागले. आणि माझ्या तोंडून एकदम निघून गेलं, "आबा, तुमचं विमान मी उडवीन! वर्षश्राद्धाला!"

बोलणं संपायच्या आत कावळा पिंडावर होता!

नाना माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "दिन्या, आता सुटका न्हाई बरं. त्यांनी बराबर ऐकलं." मेलेल्या माणसाला, कावळ्याला साक्षी ठेवून, शंभर लोकांसमोर विमान उडवायचा शब्द देणारा मराठवाड्यात मी पहिलाच असेन. विमान उडवणं तर सोडाच, मी पतंगही कधी नीट उडवला नव्हता.

दुकानाच्या मागच्या खोलीत मी कामाला लागलो. पहिल्याच दुपारी वरच्या पत्र्यावर आवाज आला. टक्. टक्. टक्. बाहेर जाऊन बघतो तर कावळा. तो रोज यायला लागला, आणि यायचा तोही आबा दुपारची झोप आटोपून कामाला बसायचे त्याच वेळेला. मी सरळ काम केलं की पत्रा शांत. घाईत सरस कमी लावला, की वर एकदाच काव! मी सरस पुसून पुन्हा लावायचो. घाबरून नव्हे. (घाबरून.)

पुढे धड झालं, शेपटी झाली, आत यंत्रं बसली. एका दुपारी सुमन चहा घेऊन आत आली. खिडकी बंद, वारा नाही, मी विमानापासून दोन हात लांब. आणि शेपटीचं सुकाणू आपलं आपण हललं. टर्र... आधी तिच्याकडे वळलं, मग सावकाश माझ्याकडे.

"अहो, बटण चालू आहे का त्याचं?"

"बंद आहे. बाहेरून फटफटी गेली असेल. तिच्या ठिणगीची लहर रेडिओत येते कधीकधी."

"बंद बटणात?"

मी सुकाणूवर फडकं टाकलं. त्या दिवसापासून सुमन उंबऱ्याच्या आत आली नाही. चहा उंबऱ्यावर ठेवायची, दोन पावलं मागे सरकायची आणि नमस्कार करून जायची. नमस्कार मला नव्हता.

शेवटची भर मायनं घातली. आबांच्या जुन्या खाकी शर्टाचा तिनं वीतभर बाहुला शिवला, आणि पेन्शनच्या कागदांतून उरलेला आबांचा छोटा फोटो कापून तोंडाच्या जागी चिकटवला. फोटोतले आबा रागीट होते. खोलीत कुठेही उभा राहिलो तरी ते माझ्याकडेच बघायचे. मागं फिरून फळी कापायला लागलो, तर मान जड व्हायची. मायनं बाहुला मागच्या जागेवर बसवला आणि विचारलं, "पुढं कोन बसनार?"

"पुढं शिकणारा बसतो."

तिनं थोडा विचार केला आणि शांतपणे म्हणाली, "मंग ती तुझी जागा हाय." वैशाखातली दुपार होती, तरी माझ्या अंगावर काटा आला.

वर्षश्राद्धाचा दिवस आला. आबांना अग्नी दिला होता त्या आमच्या शेतात सगळे जमले. ज्वारीच्या पेंढ्या निघालेल्या, हवेत पान हलत नव्हतं. अग्नी दिला त्या जागेवर मायनं आबांचं वाढलेलं पान ठेवलं. कावळा लिंबावर येऊन बसला होता. पण पानाकडे फिरकेना, आणि तो शिवल्याशिवाय पंगत बसत नाही.

"दिन्या, जल्दी कर," नाना म्हणाले. "तुझ्या विमानापायी सगळी पंगत उपाशी बसून राह्यली. शब्द देनारा तू, आन पोटं आमची!"

मी गाडीवाटेवर विमान ठेवलं. रिमोट हातात घेतला, सुकाणू हलवून बघितलं. हललं. माय माझ्या समोरच उभी होती. इंजिनाला फिरकी दिली, ते तडतडलं आणि चालू झालं. निळा धूर निघाला आणि एरंडेलाचा वास सगळ्या शेतात पसरला. मायनं झटकन पदर डोक्यावर ओढला. आबा घरात शिरले की ती असाच ओढायची. ते बघून बाकीच्या बायकांनीही ओढला. एका म्हाताऱ्यानं तर सरकून शेजारी बसायला जागा केली.

विमान पळालं, उचललं आणि वर गेलं! त्याबरोबर माझं तोंडही सुरू झालं. "बघा नाना, आता डावीकडं घेतो!" विमान डावीकडे वळलं. टाळ्या! "आता उजवीकडं!" विमान डावीकडेच वळत राहिलं.

"उजवीकडं म्हन्ला होतास ना?"

"वारा आहे, नाना."

"पान हालून न्हाई राह्यलं."

"वरचा वारा. तो खाली कळत नाही."

मी रिमोटच्या दांड्या उजवीकडे दाबल्या, मागे ओढल्या, पुढे ढकलल्या. विमानाला बिलकुल फरक पडला नाही. ते आबांच्या पानाच्या वर एकाच उंचीवर, एकाच चालीनं गोल गोल फिरत होतं. मागच्या जागेवरचं खाकी टोक तेवढं उन्हात दिसत होतं. पुढची जागा रिकामी. शंभर लोक बघत होते म्हणून मी कपाळाला आठ्या घालून दांड्या फिरवतच राहिलो. उभ्या एसटीत ड्रायव्हरच्या जागेवर बसून लेकरू स्टेअरिंग फिरवतं, तसा.

मग तेल संपलं आणि इंजिन थांबलं. एवढी शांतता त्या शेतात मी कधी ऐकली नव्हती. पंखांवरून फक्त हवेची सळसळ. विमान डगमगलं नाही. नाक जरा खाली करून एक शेवटचा फेरा घेतला, गाडीवाटेवर चाकं टेकली, धडधडत आलं आणि वाढलेल्या पानापासून दोन हातांवर उभं राहिलं. लिंबावरून कावळा उतरला. तो पानावर नाही, विमानावर बसला. बरोबर पुढच्या जागेच्या काठावर! मान वळवून त्यानं मागच्या आबांकडे पाहिलं, पाहतच राहिला, आणि मग खाली उडी मारून भजं उचललं.

माय रडायला लागली. नानांनी मला मिठी मारली. मला मात्र, खरं सांगतो, थोडा राग आला. "माय, ती माझी जागा होती ना?"

"त्यो बरा हाय तुझ्यापेक्षा," माय डोळे पुसत म्हणाली. "हात लावत न्हाई कशाला."

पंगत बसली. मी सामान आवरायला घेतलं. रिमोट पेटीत ठेवायचा म्हणून एरियल खाली ढकलायला बोट लावलं आणि बोट तिथेच राहिलं. एरियल खालीच होतं. मी ते वर केलंच नव्हतं! जवळून सुकाणू तपासताना चाललं, ते जवळ होतं म्हणून. लिंबापेक्षा वर गेल्यावर माझं एक अक्षरही विमानापर्यंत पोचलं नव्हतं. वर जे काही चाललं होतं ते सगळं आबांच्या पंखांचं होतं. मी घाईनं इकडेतिकडे पाहिलं. कुणी बघत नव्हतं. मागच्या जागेवरून आबा तेवढे बघत होते.

मी हे कुणालाही सांगितलं नाही. घनसावंगीपर्यंत मला लोक 'पायलट' म्हणायला लागले होते, आणि असं नाव सहजासहजी सोडवत नाही. पुढे शाळेच्या मैदानावर मी विमान पुन्हा उडवलं. या वेळी एरियल पूर्ण वर, दोनदा तपासून. विमानानं माझा शब्दन् शब्द ऐकला आणि दहा आकडे मोजायच्या आत बाभळीत घुसलं. पंख तेवढे शाबूत राहिले. मी केलेल्या धडाचे तुकडे झाले.

बरीच वर्षं गेली. माय थकली, तरी दुपारची दुकानात येऊन बसायची. एकदा अंतरवालीचा एक पाहुणा रेडिओ घेऊन आला आणि म्हणाला, "पायलट, त्या विमानाचं सांगा की." मी सांगितलं. कसं डावीकडे घेतलं, वरचा वारा कसा ओळखला, इंजिन बंद पडल्यावर कसं डोकं शांत ठेवून उतरवलं. पाहुणा थक्क होऊन गेला. मायनं चष्मा खाली घेतला आणि मान वर न करता विचारलं,

"एरियल वर केल्तं का?"

माझ्या हातातला पेचकस खाली पडला. "माय... तुला माहीत होतं?"

"म्या समोरच उभी व्हते की. दिसत न्हाई व्हय मला?"

"मग तेव्हाच कामून न्हाई सांगितलंस?"

माय म्हणाली, "सांगितलं असतं, त तू चालवलं असतं ना, बाबा!"