मोठ्यानं वाचणारे मोरेश्वरकाका

मोरेश्वरकाका क्वेरी, म्हणजे डेटाबेसला द्यायचा हुकूम, चालवण्याआधी ती मोठ्यानं वाचायचे. "अपडेट कस्टमर... सेट अॅड्रेस... वेअर कस्टमर आयडी..." शेजारच्या क्यूबिकलमध्ये माझं डोकं उठायचं. अहो, पोथी वाचताय का! पण आता अमेरिकेतल्या ईडन प्रेरीच्या त्या ऑफिसची आठवण निघाली, की आधी तोच आवाज कानात येतो, आणि फार बरं वाटतं.

साल २००३. आमच्या विमा कंपनीचा डेटाबेस सर्व्हर काका सांभाळायचे. पूर्वी म्हणे सगळे एकाच लॉगिननं आत शिरायचे, तेही बिनपासवर्डचं. काकांनी ते बंद करून ज्याला त्याला स्वतःचं लॉगिन दिलं. मला मात्र परवानगी फक्त डेटा वाचायची. एक अक्षर बदलायचं तरी काकांचे पाय धरा! माझा नुसता जळफळाट व्हायचा.

एका दुपारी डबा खाऊन काका तळ्याकाठी फेरी मारायला गेले. इकडे एका बाईंचा पत्ता तातडीनं बदलायचा होता. काकांचा पासवर्ड मला पाठ होता, कारण ते तोही पुटपुटत टाइप करायचे. म्हटलं, मिनिटाचं तर काम! त्यांच्या लॉगिननं शिरले, क्वेरी लिहिली. पण माउसनं सिलेक्ट करताना शेवटची 'वेअर'ची ओळ, म्हणजे पत्ता नेमका कोणाचा बदलायचा तेच, बाहेर राहिली. सिलेक्ट केलेलं तेवढंच चाललं. चाळीस हजार ग्राहक त्या एकाच बाईंच्या घरी राहायला गेले!

नोकरी गेली तर व्हिसा गेला, मग बॅगा भरा आणि पुणे गाठा. काकांनी परत आल्यावर बॅकअपवरून सगळं पूर्ववत केलं. मॅनेजरनं लॉग, म्हणजे कोणाच्या लॉगिननं काय झालं त्याची नोंद, काढला, त्यात काकांचं नाव. "हो, माझीच चूक," काका म्हणाले. मी गप्प बसले. त्या वर्षी त्यांचं प्रमोशन हुकलं.

२००८मध्ये काका रिटायर झाले. निरोपाचा केक कापून झाल्यावर पार्किंग लॉटमध्ये मी त्यांना गाठलं आणि रडत सगळं सांगून टाकलं.

"ठाऊक होतं गं, सुवर्णा," काका म्हणाले. "वेअर न वाचता मी कधी क्वेरी चालवलीय?"

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

काकांनी सावकाश, एकेक शब्द सुटा करत सांगितलं, "माझ्याकडे ग्रीन कार्ड होतं. तुझ्याकडे नव्हतं."