न सांगता झाडलेला पदर

“अच्छा, म्हणून तुला असं वाटतं,” सर म्हणाले, आणि अख्खा वर्ग हसला. मी उभीच होते. तोंडात मारल्यासारखी.

एम.ए. इंग्रजीचं पहिलं वर्ष. वसईतलंच कॉलेज. एक जुनी इंग्रजी कादंबरी नेमलेली होती. मोठा बंगला, मालकीण, तिची मोलकरीण. मोलकरीण रोज संध्याकाळी घरी निघताना मालकिणीसमोर येते आणि कुणी न सांगता एप्रनचे खिसे उलटे करून दाखवते. सर म्हणाले, हे तिचं निर्मळ मन. कादंबरीचं सूत्र काय, तर निष्ठा. मला राहवलं नाही. मी उठून म्हणाले, “सर, ही निष्ठा नाही, झडती आहे. आधी कधीतरी तिला खिसे दाखवायला लावले असणार.”

“पुस्तकात कुठं लिहिलंय असं?”

मी तोंड उघडायच्या आत मागून वाडीवाल्या शेठची मुलगी बोलली, “सर, तिची आई आमच्या वाडीत मोगरा खुडते.” त्यावर सरांचं ते ‘अच्छा’. हसू ओसरल्यावर म्हणाले, “हा साहित्याचा वर्ग आहे. घरचं रडगाणं घरी.”

मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोरगी खोटं बोलली नव्हती. गिरीज गावातल्या शेठच्या त्या मोगऱ्याच्या वाडीत आमच्या पाड्यावरच्या बाया कळ्या खुडतात आणि घरी निघताना फाटकापाशी मालकिणीसमोर पदर झाडतात. एकही कळी लपवली नाही हे दिसावं म्हणून. लहानपणी मला वाटायचं, पदराला पाला चिकटतो, तो झाडतात.

घरी जाऊन आईवरच चिडले. “आता कुणी सांगतं तरी का तुला? मग कशाला झाडतेस?”

आई भाकरी थापत होती. वर बघितलं नाही. “पयल्या वर्साला मालकीण सांगायची ना. सगल्यांसमोर. ‘ए, पदर झाड.’ मंग मीच आधी झाडाया लागले. तिनं सांगायच्या आधी झाडला का तिचा हुकूम ऐकाया नाय लागत. तेवढीच आपली इज्जत.”

सरांना कादंबरीतली ती मोलकरीण इमानी वाटली, मला भ्यालेली, बिचारी. तिला डोकं आहे हे दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं. मालकिणीचा हुकूम तिच्या तोंडातच राहावा म्हणून ही बाई रोज आधी खिसे उलटत होती. कसली निष्ठा नि कसलं काय.

चर्चासत्रासाठी पेपर लिहायचा होता, त्यात मी हेच लिहिलं, आईचं नाव घेऊन. विद्यापीठाच्या चर्चासत्राला आमच्याकडून एकच पेपर जाणार होता. ज्याचा जाईल त्याला सर पुढे पीएच.डी.ला घेतात, हे सगळ्यांना ठाऊक. मला ते हवं होतं. फार हवं होतं.

सरांनी केबिनमध्ये बोलावलं. “इंग्रजी चांगलंय तुझं. आश्चर्यच आहे. हा आईचा भाग तेवढा काढ, मग तुझाच पाठवतो.”

खोटं कशाला बोलू, हात पेनाकडे गेला होता. चार ओळी तर खोडायच्या. पण मोलकरीण खिसे का उलटते हे त्या ओळींतच होतं; त्या गेल्या की उरलं असतं ते सरांचंच म्हणणं, माझ्या अक्षरात.

“नाही काढणार, सर.”

“मग पेपर जाणार नाही.”

“नको जाऊ दे.”

नाही गेला. शेठच्या मुलीचा गेला, निष्ठेवरचा. अजून आठवलं की आग होते. कष्टाचं चीज होतं म्हणतात, ते म्हणणारे वेगळे. सर अजूनही दरवर्षी तेच सूत्र सांगतात आणि पोरं मान डोलावतात.

मी प्राध्यापक व्हायला लागणाऱ्या नेट परीक्षेचा अभ्यास करतेय. एकटीनं. या कॉलेजात नाही तर दुसऱ्या, पण फळ्यापुढे उभी राहणार. पुस्तकात मोलकरीण आली की आधी मोलकरणीच्या पोरीला बोलू देणार. आणि जो हसेल, त्याला वर्गाबाहेर काढणार.