कात्रीकाकूंच्या परसातली शिंपीण

गल्लीतल्या निम्म्या बायकांची मापं कात्रीकाकूंना तोंडपाठ होती, आणि कुणाची कंबर वाढली की त्या ते तोंडावर सांगायच्या. पस्तीस वर्षं शिवणकाम करून जीभही कात्रीसारखीच चालायला लागली होती.

एका सकाळी काकांनी परसात बोंब ठोकली. निवृत्तीनंतर त्यांचा सगळा जीव तिथल्या गुलाबात होता, आणि त्याच्या पानांना कुणीतरी गोल गोल भोकं पाडली होती.

"अळ्या! आज फवारतोच," म्हणत ते औषधाचा पंप शोधायला धावले.

काकू तोंडात टाचण्या धरूनच बाहेर आल्या. पान उलटसुलट करून पाहिलं, टाचण्या काढल्या.

"थांबा. हे कुरतडलेलं नाही, बेतून कापलंय. कड बघा, एक धागा सुटलेला नाही."

"पानाला कसला आलाय धागा?"

"तुम्हाला नाही कळायचं!"

हातातला ब्लाउज बाजूला ठेवून त्या स्टूल टाकून बसल्या. अर्ध्या तासाने एक छोटीशी काळपट माशी आली. पानाच्या कडेवर बसून गर्रकन फिरली आणि कापलेली चकती पोटाखाली धरून उडाली. भोपळ्याच्या मांडवाला लावलेल्या बांबूच्या पोकळ टोकात शिरली.

"अगं बाई! खडू नाही, टेप नाही. माझ्या हाताखाली आठ जणी शिकल्या, एकीला असा गळा कापता आला नाही."

ब्लाउज न्यायला आलेल्या विज्ञानाच्या बाईंनी खुलासा केला. ही एकटी राहणारी मधमाशी. पानांच्या चकत्या गुंडाळून पिल्लांसाठी खोल्या करते, सहसा चावत नाही, फुलाफुलावर परागकण पोचवते.

"म्हणजे लेकरांची दुपटी शिवतेय!" काकूंनी निकाल दिला.

पंप त्याच दुपारी भंगारात गेला. काका दोन दिवस गुलाबाची भोकं मोजत बसले. काकूंनी बांबूचे तुकडे जुन्या परकराच्या नाडीने बांधून उन्हातल्या भिंतीला टांगले, एका कोपऱ्यातलं रानगवत तसंच वाढू दिलं आणि गिऱ्हाइकांना बजावलं, "ज्याच्या घरी फवारणी, त्याचं शिवण सगळ्यात शेवटी."

दरवर्षी भोपळ्याची कोवळी फळं गळून पडायची. त्या वर्षी वेलावर नऊ भोपळे धरले. काका ते घरोघर वाटत, "आमच्या माश्यांची मेहनत हो," असं सांगत सुटले.

मग करवत घेऊन स्वतःच आणखी बांबू कापायला बसले. काकूंनी एक तुकडा उचलून आत बोट फिरवलं.

"खरखरीत आहे. घासा नीट, पंख फाटतील तिचे."

काकांनी पॉलिशपेपर घेतला.