फसलं तेही कळवा

ऑफिसात तिला सगळे पोचबाई म्हणत. तोंडावर कोणी म्हणत नसे, पण तिला ऐकू जाईल इतपत मोठ्यानं म्हणत. तिनंही कधी हरकत घेतली नाही. उमेदीची पंधरा वर्षं तिनं एका कचेरीच्या आवक-जावक टेबलावर काढली होती. पत्र टपालात टाकलं म्हणजे पोचलं, असं तिनं एकदाही धरलं नाही. घेणाऱ्याची सही वहीत आली की मगच ते पत्र गेलं. एका सहीसाठी तिनं एका बड्या अधिकाऱ्याला भरल्या ताटावरून उठवलं होतं आणि वर ‘सावकाश जेवा’ असंही सांगून आली होती.

पुढे ते टेबल गेलं, वही गेली. अडतिसाव्या वर्षी ती कॉम्प्युटर शिकली, पोटच्या मुलीच्या शेजारी बसून आणि तिच्या शिव्या खात. “आई, माउस म्हणजे लाटणं नाही, जोर लावू नकोस!” असं ऐकत ऐकत शिकली ती इतकी, की एका तपासणी प्रयोगशाळेनं तिला कामाला घेतलं.

या प्रयोगशाळेत रुग्णांच्या गाठींचे तुकडे येत. यंत्र तो तुकडा वाचायचं आणि त्यातून निघालेली माहिती कॉम्प्युटरवरच्या सात टप्प्यांतून जायची. पहिला टप्पा साफसफाईचा, दुसरा जुळवणीचा, असं करत सातव्याला अहवाल तयार. या साखळीला ऑफिसात पाइपलाइन म्हणत. तिच्यावर नजर ठेवणं हे पोचबाईचं काम. टप्पा सुरू झाला, संपला किंवा मधेच फसला, की पाइपलाइन आपणहून त्या त्या हॉस्पिटलच्या वेब पत्त्यावर दोन ओळींचा निरोप धाडायची: अमुक नंबरचा नमुना, अमुक टप्पा, असं असं झालं, इतक्या वाजता. तिथल्या पडद्यावर काम चालू असेल तर पिवळी ओळ दिसे, पूर्ण झालं तर हिरवी, फसलं तर लाल. लाल म्हणजे तुकडा पुन्हा घ्या. पलीकडच्या कॉम्प्युटरनं ‘मिळालं’ असं उलट कळवायला हवं. नाही कळवलं तर निरोप तीनदा पुन्हा जायचा आणि तरीही उत्तर नाही आलं, तर पोचबाई स्वतः फोन उचलायची.

यातली लाल ओळ तिची. ती नोकरीला लागली तेव्हा फक्त चालू झाल्याचे आणि पूर्ण झाल्याचे निरोप जात. फसलेल्याचं कोणी कोणाला सांगत नसे. आणि नेमका तिच्या नणंदेचा तुकडा चौथ्या टप्प्यावर अडकला. हॉस्पिटलच्या पडद्यावर ‘चालू आहे’ म्हणून पिवळी ओळ तशीच. अकरा दिवस नणंद मोबाइल चार्जरला लावून त्याच्या शेजारी बसून राहिली. अंघोळीला जातानाही फोन न्हाणीघराच्या उंबऱ्यावर. बाराव्या दिवशी डॉक्टरांनी चौकशी केली तेव्हा कळलं, की वाट बघण्यासारखं काही चालूच नाही. पुन्हा तुकडा, पुन्हा वाट. नणंद वाचली, पण त्याच आठवड्यात पोचबाईनं कोणालाही न विचारता लाल ओळ सुरू केली. सहा वर्षं ती जात होती.

मग नवे व्यवस्थापक आले. त्यांचं टेबल मोठं, खुर्ची त्याहून मोठी. एका हॉस्पिटलात ते पाहुण्यांना घेऊन गेले असताना तिथल्या पडद्यावर एकदम चौदा लाल ओळी. पाहुणे म्हणाले, “हे सगळं तुमचंच का?” तिथून परतले ते थेट बाईंच्या टेबलाशी.

“सोमवारपासून फसलेल्याचे निरोप बंद. नमुना पूर्ण झाला की हिरवं पाठवायचं, बस.”

“आणि फसला तर?”

“आपण आपलं बघू. पुन्हा चालवू. गावभर दवंडी कशाला?”

“गावभर नाही साहेब, ज्याचा तुकडा आहे त्याच्याच हॉस्पिटलात.”

“बाई, बाकीच्या प्रयोगशाळा लाल पाठवत नाहीत.”

“त्यांचे नमुने फसत नाहीत?”

साहेबांनी चष्मा काढून पुसला. “एक ओळ काढायची आहे. पाच मिनिटांचं काम.”

“पाच मिनिटंही लागत नाहीत,” ती म्हणाली. “पण मी काढणार नाही.”

“मग दुसरं कोणी काढेल. तुम्ही सोमवारपासून खाली खिडकीवर बसा, नमुने घ्यायला.”

घरी नवरा वाटाणे सोलत होता आणि नणंद नेहमीप्रमाणे सोललेले वाटाणे खात होती. ऐकून नवरा म्हणाला, “अगं, काढून टाकायची ना ओळ. नाही तरी पगार तेवढाच.”

“तू गप रे,” नणंद म्हणाली. पोचबाईला वाटलं, आता ही आपली बाजू घेईल. पण नणंद तिच्याकडे वळली. “आणि वहिनी, तूही ऐक. माझ्या नावानं हुतात्मा होऊ नकोस. उद्या नोकरी गेली की सगळ्या नातेवाइकांत होईल, नणंदेपायी गेली. घालवायची असेल तर स्वतःच्या नावानं घालव.”

“तुमच्यासाठी कोण करतंय, वन्सं? तुम्ही तर माझ्या हातचा चहाही नावं ठेवून पिता.”

“पांचट असतो म्हणून ठेवते.”

“मग मी माझ्यासाठीच करतेय. मला खोटं पिवळं बघवत नाही.”

“हां, हे ठीक आहे,” नणंद म्हणाली आणि मूठभर वाटाणे तोंडात टाकले.

सोमवारी बाईंचा पासवर्ड काढून घेतला गेला. बाहेरच्या एका माणसानं येऊन लाल ओळ बंद केली. पोचबाई खाली खिडकीत बसली. खिडकीत एक उंच स्टूल, एक छपाईचं मशीन आणि समोर रांग. नातेवाइकांनी हॉस्पिटलातून डब्यात घालून आणलेला तुकडा घ्यायचा, नंबर चिकटवायचा, पावती फाडून द्यायची. पहिली बाई पावती घेऊन विचारती झाली, “कधी कळेल?”

“चार दिवसांत.”

“नाही कळलं तर?”

पोचबाईनं तिच्याकडे पाहिलं. मग पावती परत मागून घेतली आणि निळ्या पेनानं खाली लिहिलं: ‘नमुना फसल्यास कळवलं जात नाही. पाचव्या दिवशी स्वतः विचारा.’ खाली व्यवस्थापकांच्या टेबलावरच्या फोनचा नंबर. बाईनं वाचलं. “म्हणजे हे असं असतं?”

“आजपासून असतं,” पोचबाई म्हणाली. “पुढचे या.”

तिनं प्रत्येक पावतीवर तेच लिहिलं. दिवसाला शंभर पावत्या. तिसऱ्या दिवशी तर्जनीला घट्टा पडला, तेव्हा तिनं बोटाला चिकटपट्टी गुंडाळली आणि लिहीत राहिली. ज्यांना आधीच पावत्या मिळाल्या होत्या तेही खिडकीशी येऊन विचारू लागले, तर त्यांच्याही पावत्यांवर लिहून दिलं. रांगेतला एक म्हातारा म्हणाला, “बाई, छापून का घेत नाही?” ती म्हणाली, “छापायला परवानगी लागते, लिहायला नाही.”

शुक्रवारी वरच्या मजल्यावरचा फोन वाजायला लागला, पुढच्या सोमवारी तर तो सकाळी नऊलाच सुरू झाला आणि थांबेना. मंगळवारी साहेबांनी तो काढून ठेवला, तर लोक जिन्यानं वर. बुधवारी साहेब स्वतः खाली आले. रांगेसमोर आवाज चढवता येईना, म्हणून त्यांनी खिडकीच्या मागच्या दारातून डोकं आत घातलं.

“हे काय चालवलंय तुम्ही?”

“नमुने घेतेय.”

“पावतीवर काय लिहिता?”

“यातलं काय खोटं आहे ते सांगा. खोडते. तुमच्यासमोर खोडते.”

रांगेतल्या माना पुढे झाल्या. साहेबांना खोडण्यासारखं काही सापडेना. एका मोठ्या हॉस्पिटलच्या सिस्टरचा फोनही सकाळीच त्यांच्या मोबाइलवर येऊन गेला होता. तिनं विचारलं होतं, की दहा दिवसांत एकही लाल नाही, तुमच्याकडे चमत्कार झाला की यंत्र बंद पडलं? त्यावर साहेबांना ना चमत्कार म्हणता आलं, ना यंत्र.

“वर या,” ते म्हणाले. “चालू करा ते तुमचं लाल.”

“लेखी द्या.”

“बाई!”

“तोंडी बंद केलंत म्हणून तर मी इथं बसलेय.”

त्यांनी दिलं. चार ओळी लिहिल्या आणि सही अशी केली की कागद फाटायचा राहिला. पोचबाई स्टुलावरून उतरली. पाय आंबले होते. खिडकीवर बदलीला आलेल्या बाईला निळं पेन देऊन ती जिना चढली.

लाल ओळ परत लावायला खरंच पाच मिनिटं लागली नाहीत. पण त्या दहा दिवसांत फसलेले एकतीस नमुने होते आणि त्यांचे निरोप कोणालाच गेले नव्हते. ते काढून तिनं यादी लावली. साहेब मागे उभे.

“हे आजच्या तारखेनं पाठवा,” ते हलक्या आवाजात म्हणाले. “आज फसले म्हणून. कोणाचं काय बिघडतंय? तुकडे तर पुन्हा घ्यायचेच आहेत.”

तिनं खुर्ची वळवली. मागच्या आठवड्यातल्या सोमवारी फसलेला नमुना यादीत सगळ्यात वर होता, दुसऱ्या टप्प्यावर, सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी.

“जेव्हा फसला तेव्हा फसला. वेळ तीच जाणार.”

“लोक विचारतील, दहा दिवस काय करत होतात?”

“विचारू देत. उत्तर तुमच्याकडे आहे, माझ्याकडे नाही.”

“जुन्या वेळेनं पाठवायचं नाही, मी सांगतोय.”

“मग तेही लेखी द्या,” ती म्हणाली, “म्हणजे निरोपासोबत जोडून पाठवते.”

साहेबांच्या बुटांचा आवाज दूर गेला. पोचबाईनं यादीवरची पहिली ओळ निवडली, वेळ एकदा वाचून बघितली आणि पाठवली. मग दुसरी. एकतिसांतल्या अठराव्या ओळीवर असताना फोन वाजला. पलीकडे मोठ्या हॉस्पिटलची सिस्टर होती, भडकलेली. “अहो, मागच्या आठवड्यातल्या सोमवारचं आज कळवताय? त्या पेशंटचा नवरा रोज माझ्यासमोर येऊन बसतो!”

“हो,” पोचबाई म्हणाली. “आम्ही लपवलं होतं. त्यांना आजच बोलावून घ्या, नवीन तुकडा सगळ्यांच्या आधी यंत्रावर चढवते. नमुन्याचा नंबर सांगा.”